चैत्याचा वेगळा द्रोण

नवल कलाल डोंगरातल्या मोलगीला आला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. शहाद्याकडचं सपाटीवरचं खेडं सोडून तो मामाच्या हाताखाली दारूच्या पिठ्यावर राहिला. मामा हिवतापाला कंटाळून खाली उतरला तो पुन्हा घाट चढलाच नाही, आणि पिठा नवलच्या गळ्यात पडला. पुढे लग्न झालं. बायको डोंगरात आली आणि त्याच हिवतापानं गेली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून खालून निरोप येत राहिले, हा करतो करतो म्हणत राहिला, आणि कानाजवळचे केस पांढरे झाले.

पिठा म्हणजे कुडाच्या भिंती, वर सागाच्या पानांचं छप्पर आणि मध्ये धगधगती चूल. ठेकेदाराची दारू बैलांच्या पाठीवर लादून घाटातून वर यायची. नवल ती पितळी मापानं मोजून पळसाच्या द्रोणात ओतायचा. बाजाराच्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नसायची. एरवीही कोणी ना कोणी चुलीशी बसलेलं असायचंच.

आणि बसलेल्यांच्या मध्ये असायचा चैत्या.

चैत्या वरच्या पाड्यातला. पावसाळ्यात नागली आणि भगर पिकवायची, पुढे जंगलात लाकूडतोडीला जायचं, असं त्याचं वर्ष. अंगानं हडकुळा, उंच, कानात चांदीच्या बाळ्या. गळा मात्र असा, की त्यानं सूर लावला की भांडायला उठलेली माणसंही खाली बसत. डोंगर कसे झाले, नदी कुणावर रुसून खाली पळाली, अशी जुनी गाणी तो गायचा. लहर लागली तर समोरच्या माणसावर जागच्या जागी गाणं रचायचा. ज्याच्यावर रचलं तो लाजायचा आणि बाकीचे गडाबडा लोळायचे.

नवलची बायको गेली त्या दिवसांत हा माणूस रोज संध्याकाळी पंच्याच्या टोकाला दोन भाकरी बांधून आणायचा. झालं गेलं विसर, असं तो एकदाही म्हणाला नाही. भाकरी ठेवायचा आणि गायला बसायचा. नवल एका कोपऱ्यात तोंड फिरवून भाकरी खायचा. महिनाभरानं नवलनं स्वतःची चूल पेटवली, तेव्हा चैत्यानं भाकरी आणणं बंद केलं. त्याबद्दल दोघांत कधी शब्द झाला नाही. तेव्हापासून मात्र चैत्याची पोर रमिला पिठ्याच्या अंगणात खेळायला लागली. नवलच्या डब्यातला गूळ तिचाच असायचा.

रमिला लग्नाला आली त्या वर्षीची ही गोष्ट. इंग्रजांचं राज्य होतं, साल एकोणीसशे तीस-पस्तीसच्या आगेमागे.

त्या भादव्यात चैत्याचं पोट फुगलं. पाय सुजले. डोळे हळदीसारखे पिवळे दिसायला लागले. भगताकडून झाडपाला झाला, देवाला कोंबडा झाला, उतार पडेना. शेवटी त्याच्या बायकोनं, फुलीबाईनं, त्याला झोळीत घालून चार माणसांकरवी खाली दवाखान्यात नेलं. डॉक्टरानं पोट दाबून पाहिलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि फुलीबाईला सांगितलं, "यानं आता दारूचा थेंब जरी घेतला, तर पुढची होळी काही बघत नाही."

चैत्या औषधाच्या बाटल्या घेऊन परत आला. फुलीबाईनं घरात राखलेली दारू उकिरड्यावर ओतली. अन्न अंगी लागू लागलं, हळूहळू सूज उतरली. पण माणूस घराबाहेर पडेना. दारात बसून समोरच्या डोंगराकडे बघत राहायचा.

इकडे पिठ्यावर माणसं येत होती, पण चूल पेटूनही ऊब नसल्यासारखं झालं. माणसं पीत आणि पिऊन जुनी उणीदुणी काढत. एकदा तर दोन भावांत विळे निघाले. नवलला वाटायचं, उठावं आणि चैत्याच्या घरी जावं. पण जायचं कोणत्या तोंडानं? त्याच्या हातांना दारूचा वास होता. ज्या घरातून ती उकिरड्यावर ओतली गेली, त्या घरात हा वास घेऊन कसं जावं, याच विचारात दिवाळी आली आणि गेली.

मग एका दिवशी चैत्या स्वतःच आला. उन्हं कलली होती. काठी टेकत आला आणि बाहेरच्या ओंडक्यावर बसला.

नवल माप हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, "चैत्या, तुले मी देवाव नही."

"माले नकोच शे," चैत्या म्हणाला. "मी दारूसाठे नही उना. माणसंसाठे उना. घरमा बठी बठी मन्हा गळा सुकी गया."

नवलनं त्याचा हात धरून त्याला आत नेलं आणि नेहमीच्या जागेवर बसवलं. सगळ्यांना आनंद झाला. गाणं म्हण, गाणं म्हण, असा गलका झाला. चैत्या खाकरला. पण हात रिकामे होते. ते कुठं ठेवावे हे त्याला कळेना. गुडघ्यावर ठेवले, मांडीखाली घेतले. नवलनं ते पाहिलं आणि माठातलं पाणी द्रोणात भरून त्याच्या हाती दिलं.

कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. "चैत्या बैल झाला रे! हौदावर बसून पाणी पितोय!"

हसण्यात फारसं काही नव्हतं. याआधी चैत्यानं त्याहून वाईट चेष्टा केल्या होत्या. पण त्या दिवशी तो उठला, द्रोण अलगद चुलीजवळ ठेवला आणि निघून गेला. त्याला थांबवायला नवल दारापर्यंत गेला. चढावर काठी टेकत जाणारी त्याची पाठ दिसत होती.

त्या दिवसापासून नवलच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली. चैत्याच्या हातात काहीतरी हवं. असं काही, जे हातात धरून माणसांत बसता येईल आणि कुणाला हसता येणार नाही.

आधी त्यानं ताक केलं. गवळ्याकडून दही आणलं, स्वतः घुसळलं, मीठ घातलं आणि चैत्याला मुद्दाम बोलावून आणलं. चैत्यानं द्रोणभर ताक मान खाली घालून प्यायलं.

"कसं लागस?" नवलनं विचारलं.

"चांगलं शे," चैत्या म्हणाला. "पन भाऊ, गानं येवाना बदली झोप ई ऱ्हायनी."

नागलीच्या आंबिलीचंही तसंच झालं. ती पोटभरीची, पेज पिऊन माणूस शेतावर जातो, गायला बसत नाही. नवलनं हार मानली नाही. मोलगीत बदामबाईचं दुकान होतं. मारवाडी जैन बाई, नवरा वारल्यावर मीठ-गूळ-रॉकेलचं दुकान एकटीच चालवायची. पिठ्यावरून जाताना ती नाकाला पदर लावायची. नवललाही तिच्या ओट्यावर चढायची कधी हिंमत झाली नव्हती. तो खालीच उभा राहून वस्तू मागायचा. त्या दिवशी त्यानं चहाची पुडी मागितली. डोंगरात तेव्हा चहा साहेबलोकांचा आणि फॉरेस्टवाल्यांचा.

"तुले चहा काय करवाना?" बदामबाईनं विचारलं.

नवलनं सगळं सांगितलं. चैत्याचं पोट, डॉक्टर, पाण्याचा द्रोण, सगळं. बदामबाई ऐकत राहिली. पुडी देताना म्हणाली, "जमनं तर माले सांगजो."

जमलं नाही. चहाची चव चैत्याला औषधासारखी लागली, आणि औषध तर तो घरी पीतच होता.

होळी जवळ येत होती. अशात एक दिवस फुलीबाई पिठ्यावर धडकली. चैत्या इतक्यांदा नवलकडे का जातो, हा तिच्या मनात संशय. पदर खोचून दारातच उभी राहिली आणि ओरडली, "ए कलाला! माझ्या माणसाला काय पाजतोस?"

आत कोणी नव्हतं. नवल चुलीपुढे बसला होता आणि त्याच्याभोवती मडकी मांडलेली होती. एकात आंबलेलं ताक, एकात चिंचेचं पाणी, एकात गुळाचं, एकात बदामबाईचा काळा चहा. बाई बघतच राहिली. प्रत्येक मडक्यात बोट बुडवून तिनं चव घेतली. चहाची घेतली तेव्हा थुंकली. आणि मग खाली बसून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी ते हसण्याचं होतं, नंतर नव्हतं.

नवलनं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

डोळे पुसून फुलीबाई म्हणाली, "त्याला मोहाची सवय. लहानपणापासून त्या वासात वाढला. तुझ्या ताकाला तो वास कुठून येणार?"

"मोहाचीच तर दारू व्हस," नवल म्हणाला.

"मोहाची दारू होते, पण मोह म्हणजे दारू नाही," ती म्हणाली. "आमच्यात मोहाची सुकी फुलं उकडून पोरांना देतात. बाळंतिणीला देतात. ज्या वर्षी धान्य नाही, त्या वर्षी आम्ही तेच खाऊन उठलो. आंबवून भट्टीत घालतात, तेव्हा त्याची दारू होते. नुसतं उकळलं तर काय होणार आहे?"

दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीभर सुकी मोहफुलं आणली. केसर झटकून, निवडून, तव्यावर जरा भाजून घेतली आणि मोठ्या मडक्यात उकळायला ठेवली. सगळा पिठा त्या वासानं भरला. गोडसर, जडसर, दारूच्या वासाची थोरली बहीण असावी तसा. रंगही उतरला लालसर पिवळा. पण चाखून पाहिलं तर नुसतं गोड.

"लहान पोरासारखं लागस," नवल म्हणाला. "घसाले लागाले पायजे."

फुलीबाईनं कमरेची पुरचुंडी सोडली. त्यात तिनं उन्हाळ्यात कैऱ्या वाळवून केलेलं आमचूर होतं. मूठभर आमचूर मडक्यात पडलं. गोडाला आंबट आलं, पण घशाला लागणारं अजून काही हवं होतं. नवल धावत बदामबाईच्या दुकानासमोर गेला आणि आलं मागितलं.

"आलं मन्हा दुकानमा नही ऱ्हास," बदामबाई म्हणाली. जमिनीखालचा कंद तिच्या धर्मात चालत नसे. मग आत जाऊन तिनं सुंठीचे वाळके तुकडे आणले. "सुंठ लई जा. सुंठ आमले चालस. आणि जास्त टाकू नको, पोट दुखनाऱ्याले बाधी."

सुंठ कुटून घातली, पुन्हा एक उकळी दिली. गाळून द्रोणात भरलं तेव्हा वर वाफेबरोबर मोहाचा वास येत होता. नवलनं घोट घेतला. आधी गोड, मग आंबट, आणि गिळल्यावर घशातून छातीपर्यंत एक ऊन रेघ उतरली. द्रोण फुलीबाईकडे दिला. तिनंही घोट घेतला आणि मडक्यावर झाकण ठेवत म्हणाली, "संध्याकाळी त्याला पाठवते."

संध्याकाळी चैत्या आला. पिठ्यात माणसं होती. नवलनं पिंपापाशी जाऊन इतरांचे द्रोण भरले आणि त्याच हालचालीत, त्याच झोकात, मडक्यातला द्रोण भरून चैत्याच्या हाती दिला. चैत्यानं वास घेतला आणि तो चपापला.

"नवलभाऊ, हाई काय?"

"पी तर खरा. फुलीबाईनी करेल शे."

बायकोचं नाव ऐकून चैत्यानं घोट घेतला. मग दुसरा. द्रोण संपला तेव्हा त्यानं तळाला राहिलेला थेंब बोटानं पुसून चाटला. कोपऱ्यातल्या त्याच चेष्टेखोरानं विचारलं, "काय रे, डॉक्टरला सोडलंस वाटतं?" चैत्यानं त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. त्या चेष्टेखोरावरच. कोंबडी चोरायला गेला आणि घुबड घेऊन आला, असं काहीसं. पिठा हसून हसून लोळला. नवल चुलीत उगीचच फुंकर मारत राहिला. धुरानं डोळे चुरचुरतात हे त्याला बरंच झालं.

त्या वर्षीची होळी चैत्यानं पाहिली. कमरेला घुंगरांचा पट्टा बांधून, मोरपिसांचा टोप घालून तो काठी गावच्या होळीला गेला. नाचला थोडाच, पण गायला भरपूर.

हे एका माणसासाठी केलेलं पेय एका माणसापुरतं राहिलं नाही. बाजाराच्या दिवशी नवरे आत बसले की बायका लेकरं घेऊन बाहेर उन्हात उभ्या राहायच्या. कोणी डोक्यावर मिठाची गाठोडी घेऊन, कोणी पाठीला मूल बांधून. नवल पिठा चालवत होता तितकी वर्षं त्या तशाच उभ्या राहत होत्या आणि त्याला ते दारातल्या झाडासारखं वाटत आलं होतं. फुलीबाईनं एका बाजारी त्यातल्या एकीला आत हाक मारली. ती लाजत आली, द्रोणभर प्याली, मुलाला पाजलं. पुढच्या बाजारी चार आल्या. नवलनं अंगणात मांडव घातला. बायका तिथं बसायला लागल्या तसे त्यांचे नवरेही जरा लवकर उठायला लागले. काही जण आतला द्रोण सोडून मांडवातला घ्यायला लागले. उन्हाळ्यात नवल कैरीचं पन्हं करायचा, पावसाळ्यात मोहाचं पाणी ऊन ऊन द्यायचा. बदामबाई स्वतः येत नसे. पण तिच्या दुकानातून सुंठीबरोबर कधी जिरं यायचं, कधी मिरी. "टाकी देख," असा निरोप असायचा.

ठेकेदाराचा माणूस घाट चढून आला तो संशय घेऊनच. नवल मोहाची फुलं घेतो, मडकी उकळतो, म्हणजे चोरटी भट्टी लावली असणार. आल्या आल्या त्यानं पिठ्यामागचं रान तुडवलं. भट्टी सापडली नाही. घामाघूम होऊन तो मांडवात बसला. नवलनं त्याला द्रोण दिला. त्यानं पिऊन आणखी एक मागितला, तोही संपवला आणि मग रागावायचं आठवून म्हणाला, "तुला दारू विकायला ठेवलाय की हे?"

नवल म्हणाला, "दारू पेनारा दारूच पेतस, साहेब. ह्या बाया तर बाहेरच उभ्या ऱ्हायेत. त्या कोठे तुमना गिऱ्हाईक व्हत्या?"

त्या माणसानं मांडवात बसलेल्या बायकांकडे पाहिलं. पिठ्यात बायका-मुलं बसलेली त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. जाताना त्यानं भोपळ्याच्या तुंब्यात वाटेसाठी ते पाणी भरून घेतलं.

वैशाखात रमिलाचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा काठीकडच्या पाड्यातला, होळीतच तिनं तो पाहिला होता, आवडला होता. मुलाचा बाप सुरुपसिंग, पंचांना घेऊन चैत्याच्या अंगणात आला. मुलीच्या बापाला द्यायचं देज ठरलं, कपडे ठरले, दिवस ठरला. आता राहिली दारू. त्यांच्या रीतीप्रमाणे आधी चार थेंब जमिनीवर सांडून देवाला आणि पूर्वजांना द्यायचे. मग दोन्ही व्याह्यांनी एकमेकांच्या हातची दारू प्यायची, म्हणजे बोलणं पक्कं झालं. त्याशिवाय पंच उठत नाहीत.

नवललाही बोलावणं होतं. दारू त्यानंच आणली होती. चैत्याच्या वाटणीचं मडकंही त्यानंच आणलं होतं.

चैत्यानं जमिनीवर धार सोडली. पूर्वजांची नावं घेतली. मग सुरुपसिंगाला दारूचा द्रोण दिला. सुरुपसिंगानं तो एका दमात संपवला, दुसरा द्रोण भरला आणि चैत्यापुढे धरला. चैत्यानं हात जोडले आणि बाजूच्या मडक्याकडे बोट केलं.

"व्याही, मी यातलं पिईन. मला तुझ्या हातानं यातलं दे."

सुरुपसिंग धिप्पाड गडी, आवाजही भारी. तो म्हणाला, "माझ्या हातची दारू तुला चालत नाही? माझं घर हलकं वाटलं?"

"घर हलकं नाही. माझं पोट हलकं झालंय," चैत्या म्हणाला. कोणी हसलं नाही.

एक म्हातारा पंच म्हणाला, "एक द्रोण प्याल्यानं कोणी मरत नाही. पोरीचं काम आहे."

चैत्यानं दारात उभ्या असलेल्या रमिलाकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलं होतं. त्यानं हात पुढे केला आणि सुरुपसिंगाच्या हातातला द्रोण घेतला. फुलीबाई उठून उभी राहिली. द्रोण ओठांकडे जात होता, तेवढ्यात नवलनं मध्ये हात घातला आणि द्रोणावर पंजा ठेवला.

"नको," तो म्हणाला. "पेऊ नको."

परका माणूस, त्यात कलाल, आणि तो दारू पिऊ नको म्हणतोय! पंचांत खसखस पिकली. "कलालानं धर्म बदलला का रे?" कोणीतरी म्हणालं.

नवलला त्यांची बोली नीट येत होती, पण त्या क्षणी शब्द गोळा होईनात. तो अडखळत म्हणाला, "आजपर्यंत यानं जेवढी प्यायली, तेवढी माझ्याच हातची प्यायली. तेव्हा मी नाही म्हटलं नाही. आज म्हणू द्या. माझी बायको गेली तेव्हा यानं मला भाकर घातली. मला या डोंगरात दुसरं कोणी नाही."

एवढंच बोलून तो थांबला. त्याचा हात द्रोणावर तसाच होता. रमिला दारातून पुढे आली. बापाच्या हातातून द्रोण काढून घेऊन तिनं तो सासऱ्याच्या हाती परत दिला. "बाबा नसला तर मला लग्न नको," ती म्हणाली.

सुरुपसिंग तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं हातातल्या द्रोणाकडे पाहिलं, मग मडक्याकडे. "त्यात आहे तरी काय?"

"मोह," चैत्या म्हणाला. "तुझ्या द्रोणात आहे तोच. त्याच झाडाचा."

सुरुपसिंगानं दुसऱ्या हातानं एक रिकामा द्रोण उचलून मडक्यात बुडवला. वास घेतला. घोट घेऊन तो तोंडात घोळवला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. गिळल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या.

"मोहच आहे," तो पंचांकडे वळून म्हणाला. "झाड तर आपलंच. देवाला काय, झाड कळतं." मग त्यानं हातातली दारू पिऊन टाकली, कारण ती टाकणं त्याच्या जिवावर आलं असतं. मडक्यातल्या द्रोणातलं अर्धं पाणीही तो प्याला आणि उरलेलं अर्धं चैत्यापुढे धरलं. "घे. मी दोन्ही प्यालो. आता माझ्याकडून दोनदा पक्कं झालं. तू एकदा कर."

चैत्या प्याला. ढोल वाजला. म्हातारा पंच उठून त्या मडक्यापाशी गेला आणि त्यानं आपला द्रोण गुपचूप भरून घेतला.

पुढे डोंगरात दारू सोडण्याची हाक फिरली. पाड्यापाड्यांवर माणसं देवापुढे उभी राहून शपथ घ्यायला लागली. ठेकेदाराचे बरेच पिठे ओस पडले. नवलच्या पिठ्यात माणसं येत राहिली, पण पिंपं भरलेलीच राहायला लागली. एका पावसाळ्याआधी त्यानं ठेकेदाराला निरोप धाडला, की आता माल पाठवू नका. उरल्या मालासकट पिंपं जशी बैलांवरून वर आली होती तशीच खाली गेली. बरीच वर्षं पिंपांनी अडवलेल्या भिंतीला नवलनं शेणमातीचा हात दिला.

चैत्यानं रमिलाची दोन मुलं मांडीवर घेतली. नंतर एका थंडीत जुन्या दुखण्यानं पुन्हा डोकं वर काढलं आणि तो घरीच, फुलीबाईच्या हातात गेला. त्याला जाळलं त्या दिवशी नवलनं चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता. चूल पेटवू नये असंच त्याला वाटत होतं, पण सकाळीच फुलीबाई डोक्यावर टोपली घेऊन आली आणि फुलं निवडायला बसली. मग नवलनंही लाकडं आणली.

तेव्हापासून दर बाजारी ती येते. दोघांत सुंठीवरून वाद होतो. ती जास्त घालते, तो बदामबाईचं म्हणणं सांगून अडवतो. बदामबाई आता म्हातारी झाली आहे, दुकान तिचा पुतण्या पाहतो, पण पुड्या बांधून द्यायला ती ओट्यावर बसते आणि नवलला हल्ली वर बोलावून बसवते.

एका वर्षी मोह नीट फुलला नाही. टोपली अर्धीच भरली. नवल मडक्यापुढे गाल हातात धरून बसला. फुलीबाईनं आपल्या परसातली लाल अंबाडीची बोंडं पदरात भरून आणली होती; ती तिनं मडक्यात रिकामी केली. पाण्याला लगेच रंग चढू लागला, गर्द, डाळिंबासारखा.

"गूळ टाक," ती म्हणाली.

नवलनं खडा टाकला, ढवळलं, पळीनं थोडं काढून फुंकर घातली. तिला आधी दिलं. तिनं चव घेऊन एक डोळा मिटला.

"आंबट?" त्यानं विचारलं.

"अजून एक खडा," फुलीबाई म्हणाली. बाहेर मांडवात पहिल्या बायका येऊन बसल्या होत्या, आणि एक लेकरू आत डोकावून विचारत होतं, आज पाणी लाल कसं म्हणून.